सोडण्याचा शब्द

या खेपेला शब्दच नव्हता.

गाद्या अंथरून झाल्या होत्या, चपला-बूट भिंतीशी लागले होते, आणि मास्तर मधोमध उभा राहून सांगत होता, की ज्याला धरलंय त्याला दुखलं, श्वास कोंडला, जीव घाबरा झाला, तर त्यानं तळहातानं गादीवर दोनदा थोपटायचं. थोपटलं की सगळ्यांनी हात काढायचे. ‘तोंडानं काही बोलायचं नाही,’ तो म्हणाला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला, बोलता बोलता अंगावरची माशी उडवावी तसा. कुणी विचारलं नाही, का. प्रशिक्षणात दर वर्षी काहीतरी बदलतंच. एकदा गुडघा कुठं टेकवायचा ते बदललं होतं, एकदा ‘हिंसक’ हा शब्द वापरायचा नाही असं ठरलं होतं, आणि लोकांनी ते सुद्धा मान डोलावून पचवलं होतं. शेजारच्या मावशी तिच्या कानाशी पुटपुटल्या, ‘बरं झालं बाई, गेली ती छत्री. मेली ऐनवेळी आठवायचीच नाही मला.’ आणि तिनं, म्हणजे मास्तरच्या बायकोनं, दोन्ही तळहात जमिनीला टेकले. तिला वाटलं आपण पडू. पण ती तर मांडी घालून जमिनीवरच बसली होती, आणखी पडणार कुठं.

छत्री हा सोडण्याचा शब्द होता. हे इस्पितळ कोर्टाकडून आलेल्यांचं. आजाराच्या भरात ज्यांच्या हातून कुणाचा जीव गेला, कुणाचं घर पेटलं, आणि ज्यांना कोर्टानं तुरुंगाऐवजी इथं धाडलं, त्यांचं. इथल्या सिस्टरला सुई टोचता यावी लागते, तासन्‌तास ऐकून घेता यावं लागतं, आणि अगदीच वेळ आली तर माणसाला इजा न करता जमिनीवर धरून ठेवता यावं लागतं. ते धरणं मास्तर शिकवायचा. सरावात एकानं रुग्ण व्हायचं, बाकीच्यांनी त्याला धरायचं. रुग्ण झालेला मनापासून ओरडायचा, सोडा, मेलो, आई गं, हात मोडला. कारण खरा रुग्णही असाच ओरडतो, आणि त्या ओरडण्यानं सोडायचं नसतं हेच तर शिकायचं. पण सरावात खरोखरच हात मोडायला आला तर? त्यासाठी एक शब्द हवा, झटापटीत कुणाच्या तोंडी चुकूनही येणार नाही असा. तो शब्द मास्तरनं घरी शोधला होता. बैठकीच्या खोलीतलं टेबल बाजूला सारून, जमिनीवर रजई टाकून, बायकोवर. तेव्हा तो मास्तर झाला नव्हता, वॉर्डातला ब्रदर होता, आणि कोर्स लिहायचं काम त्याला नुकतंच मिळालं होतं. ‘लिंबू म्हणूया?’ ‘लिंबू नको, मला हसू येतं.’ ‘मग काय, पंखा?’ दाराच्या खिळ्याला छत्री लटकत होती. तिनंच ती पाहिली. तिनंच म्हटलं. रजईवर पालथी पडून, गाल सुताला घासत, हसत, ‘छत्री, छत्री, सोड रे,’ आणि त्यानं सोडलं. मग तिनं त्याला धरलं आणि तो छत्री म्हणाला आणि तिनं सोडलं. मनगट. कोपर. वजन कमरेतून, खांद्यातून नाही. छत्री. पुन्हा. मनगट. कोपर. छत्री. असं कित्येक संध्याकाळी. पोरगी तेव्हा लहान होती, सोफ्यावर उभी राहून मध्येच छत्री म्हणून किंचाळायची, आणि हे दोघं एकमेकांचे हात असे टाकायचे जसे काही चटका बसला. पोरीला त्याची फार मजा वाटायची. त्या घरात भांडणंसुद्धा त्या शब्दावर मिटलेली आहेत.

‘वहिनी, पुढं या ना,’ मास्तरच्या हाताखालच्या सिस्टरनं खूण केली. तिला सगळे वहिनी म्हणत. तिच्या हुद्द्यानं तिला हाक मारणारं इस्पितळात कुणी उरलं नव्हतं, आणि कपडेघरात बदली झाल्यापासून तर हुद्दाही उरला नव्हता. कपडेघरात चादरी येतात, चादरी जातात. फाटलेल्या बाजूला काढायच्या, कारण फाटलेल्या चादरीची पट्टी निघते आणि पट्टीचं काहीही करता येतं. हे एवढं एकच शहाणपण तिथं लागतं. आज हे प्रशिक्षण पार पडलं की वॉर्डात परत घेऊ, असं अधीक्षक बाईंनी सांगितलं होतं. ती पुढं सरकली नाही. तिला हिशेब लावायचा होता, आणि हिशेब तर समोरच मांडलेला होता, मुलांच्या गणिताएवढा सोपा. शब्द काढला. का काढला? शब्दात काही खोट असेल तरच काढतील. खोट असेल तर

खोट असेल तर ती खरं बोलत होती.

दुपारचं जेवण उरकत आलं होतं त्या दिवशी, ती अजून वॉर्डात होती तेव्हा. शिंपी नावाच्या रुग्णाची कोर्टाची तारीख पुढं ढकलल्याचं कुणीतरी त्याला जेवणाआधीच सांगून टाकलं होतं. जेवणाआधी वाईट बातमी द्यायची नाही हे साधं, पण नव्या लोकांना कोण शिकवणार. शिंपी म्हणजे खरोखरचाच शिंपी. एका आजारी पहाटे त्याला सख्खा भाऊ ओळखू आला नव्हता. एरवी गरीब माणूस, वॉर्डातल्या सगळ्यांची बटणं लावून द्यायचा, आणि प्रशिक्षणाच्या दिवशी सभागृहात गाद्या अंथरायला तोच असायचा. अंथरून झालं की दाराशी उकिडवा बसून बघत राहायचा, कुणी हटकलं नाही तर. त्या दुपारी त्यानं ताट उचललं. तिघांनी त्याला खाली घेतलं. उजवा हात तिच्याकडे, डावा पैलवानाकडे, पायांवर एक नवी सिस्टर, जिचं प्रशिक्षण अजून व्हायचं होतं. पैलवान हा वॉर्डबॉय, सगळ्यांचा मामा; अंगानं काडी, म्हणून पैलवान. त्याचंही प्रशिक्षण झालं नव्हतं म्हटलं तरी चालेल, कारण तो हजेरी लावून मागच्या दारानं चहाला जायचा. ‘मला काय धरायला शिकवता मास्तर,’ म्हणायचा, ‘बायकोला धरून ठेवता आलं नाही, माहेरी गेली ती गेलीच.’ तर शिंपी खाली होता, ताट त्याच्या हाताजवळ उलटं पडलं होतं, त्याचं ओरडणं चाललं होतं, सोडा, मेलो, आणि मग तो ओरडायचा थांबला. मान वळवून त्यानं तिच्याकडे पाहिलं. आणि अगदी नीट, शाळेतल्या मुलानं उत्तर द्यावं तसं, म्हणाला, ‘छत्री.’

तिचे हात उघडले. तिनं उघडले नाहीत, हात उघडले. मग ताटाची कड आणि पैलवानाचा डोळा, आणि तो आवाज, ओल्या कापडावर ओलं कापड आपटल्यासारखा. तो डोळा गेला. शिंपी बावचळून तसाच पडून राहिला, जणू पुढचं आपण केलंच नव्हतं. शब्द म्हटल्यावर सोडतात एवढं त्यानं पाहिलेलं, सोडल्यावर काय करायचं ते कुणी दाखवलंच नव्हतं.

‘तो छत्री म्हणाला,’ तिनं त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात नवऱ्याला सांगितलं. तो पातेल्यात पाणी ओतत होता. पाणी ओतणं थांबलं, बराच वेळ थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. ‘कोण म्हणालं?’ ‘शिंपी. अरे, तो छत्री म्हणाला म्हणून माझे हात—’ ‘आणखी कुणी ऐकलं?’ ‘ती नवी सिस्टर म्हणते, मला नुसतं ओरडणं ऐकू आलं.’ तो जवळ आला. तिचं डोकं त्यानं छातीशी धरलं. किती मऊ आवाजात बोलला होता तो. ‘हे बघ, घाबरल्यावर माणसाला काहीही ऐकू येतं. आपण रोज बघतो की. कान दगा देतात. तू भ्यालीस. भिणं काही गुन्हा नाही.’ आणि मग, केसांवरून हात फिरवत, ‘चौकशी समितीपुढं हे छत्रीचं बोलू नकोस. काय म्हणतील सांग? सिस्टरला आवाज ऐकू येतात म्हणतील.’ तिला ते पटलं. इतकी वर्षं तिनं ज्यांच्याबद्दल लिहिलं, आवाज येतात, खात्रीनं सांगतो, समजावून पटत नाही, त्यांचीही खात्री तर अशीच होती, पोलादी. समितीपुढं ती म्हणाली, मी भ्याले. तोही समितीपुढं आला, प्रशिक्षणाचा प्रमुख म्हणून. म्हणाला, प्रशिक्षणात त्रुटी नाही, सदर परिचारिकेचा ऐनवेळी धीर सुटला. ‘सदर परिचारिका’ म्हणताना त्यानं समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं होतं. तिला तेव्हा त्याची कीवच आली, बिचाऱ्याला बायकोविरुद्ध बोलावं लागतंय.

त्यानंतरचे महिने तिनं कान पारखण्यात घालवले. कपडेघरात बाहेरून कुणी काही बोललं की मनाशी म्हणायची, हे खरंच बोललं का कुणी? घरी कुकरची शिट्टी झाली की पोरीला विचारायची, झाली ना गं? पोरगी आता कॉलेजात. तिला बापानं सांगितलं होतं, आईला काही विचारू नकोस. ती आईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली होती, ‘आई, भीती वाटते गं कधी कधी. मलाही परीक्षेत वाटते.’ लेकीनं आईच्या भित्रेपणाला क्षमा केली होती. ती क्षमा तिनं घेतली होती, घेऊन उराशी बाळगली होती. पैलवानानं मात्र क्षमा केली नव्हती. त्याला आता फाटकावर बसून करायचं काम दिलं होतं. ती आत शिरताना तो उरलेला डोळा दुसरीकडे वळवायचा. पूर्वी वहिनी आल्या की एक तरी चावट विनोद ठरलेला. आता नुसती मान. बरोबरच आहे, ती म्हणायची. त्याच्या जागी मी असते तर थुंकले असते.

‘कोण होतंय रुग्ण?’ मास्तर विचारत होता.

‘मी,’ ती म्हणाली.

तो हसला, ‘या वहिनी,’ आणि सभागृह हसलं, कारण बायकोला वहिनी म्हणायचं हा त्याचा नेहमीचा विनोद होता. ती गादीवर पालथी झाली. रेक्झिनचा वास, खाली धूळ, कुणाच्या तरी पायांचा घाम. चौघांनी तिला धरलं. मनगट. कोपर. वजन कमरेतून. छान धरलं होतं, पोरं तयार होती. एक गुडघा तिच्या मांडीमागे अगदी जिथं टेकायला हवा तिथंच टेकला होता, आणि तिला उगाचच त्या गुडघ्याचं कौतुक वाटलं. ‘ओरडा की वहिनी,’ कुणीतरी म्हणालं. ती ओरडली. सोडा. मेले. हात मोडला. कुणी सोडलं नाही. ओरडता ओरडता तिच्या लक्षात आलं की आपण खरंच ओरडतोय, हा आवाज खूप खालून येतोय, आणि पैलवान दारात उभा आहे. त्यालाही आज बोलावलं होतं. फाटकावरच्या माणसालासुद्धा आता प्रशिक्षण सक्तीचं झालं होतं. मागच्या दारानं जायची त्याची सवय या वर्षी सुटली होती. ती ओरडायची थांबली. हात थोपटला नाही. मान वळवून, नीट, म्हणाली:

‘छत्री.’

आठ हात उघडले. एकदम, एका दमात, पाखरं उडावीत तसे. ती गादीवर मोकळी पडून होती आणि चौघंही आपापल्या तळव्यांकडे बघत होते. थोपटायचं असतं, हे त्यांना आत्ताच, याच खोलीत शिकवलं होतं. कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशी म्हणाल्या, ‘अगं बाई.’ मग सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात, तिला जाणवलं, त्या दुपारी तिचे हात का उघडले ते सगळ्यांना समजलं होतं. तिनं उठून बसून मास्तरकडे पाहिलं. तिला वाटलं होतं तो पांढराफटक पडेल. तो पडला नाही. शिकवणाऱ्याच्या सहज, दमदार आवाजात तो सभागृहाला म्हणाला, ‘बघितलंत? जुनी सवय अंगात किती मुरते. म्हणूनच काढला तो शब्द.’ आणि फळ्यावर एक बाण काढला.

म्हणूनच. इतक्या लोकांसमोर तो म्हणाला, आणि आकाश कोसळलं नाही. लोक बाण उतरवून घेत होते. आपण सिद्ध करू आणि मग काहीतरी होईल, अशी भाबडी आशा तिच्या मनात होती, हे तिला आत्ता कळलं, ती आशा मेल्यावर. तो तिला खोटं ठरवून थांबला नव्हता. तिच्या खरेपणाचाही त्यानं एक मुद्दा केला होता, फळ्यावरचा, पुढच्या वर्षीही शिकवता येईल असा. ती अनवाणीच बाहेर पडली.

पैलवान व्हरांड्यात कठड्याला टेकून विडी न पेटवता नुसती बोटांत फिरवत होता. ती समोर उभी राहिली. ‘पाहिलंत ना?’ ती म्हणाली. ‘मामा, मी भ्याले नव्हते. तो शिंपी खरंच म्हणाला होता. तुमची शपथ.’

‘ठाऊक आहे की,’ पैलवान म्हणाला.

‘काय ठाऊक आहे?’

‘म्हणाला होता तो. हातभर अंतरावर तर होतो मी त्याच्या.’ त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ‘म्हणजे? वहिनी, मी तर दवाखान्यात पट्टी बांधलेली असतानाच मास्तरांना सांगितलं. ते बसले होते ना उशाशी. म्हटलं, मास्तर, तो छत्री म्हणाला हो. ते म्हणाले, पैलवान, आता हे बोलून तुमचा डोळा यायचा नाही, आणि कोर्स मात्र जाईल. बसून करायचं काम देववतो म्हणाले. देववलंही. खोटं कशाला बोलू.’

‘आणि माझं?’

‘तुमचं काय?’ तो खरोखर गोंधळला होता. ‘मला वाटलं तुमचं दोघांचं ठरलंय. घरातली गोष्ट ती. नवऱ्याची नोकरी राहावी म्हणून बायकोनं अंगावर घेतलं, करतात की बायका. म्हणून तर माझी मान वर होईना तुमच्यासमोर. मनात म्हणायचो, बाई केवढी, आणि आपण एका खुर्चीसाठी गप्प बसलो.’ त्यानं विडी खिशात टाकली. ‘तुम्हाला सांगितलंच नव्हतं त्यांनी?’

तिनं मान हलवली. पैलवान एक शिवी हासडून बसला, मग जीभ चावली, मग म्हणाला, ‘नाही, चावत नाही जीभ. तीच शिवी.’ तिला हसू आलं, भलत्याच जागी, आणि हसण्यातच रडू. तो काडीसारखा माणूस उगीच इकडेतिकडे बघत तिच्यासमोर आडोसा धरून उभा राहिला. किती महिने तिला याच्या वळलेल्या मानेत तिरस्कार दिसत होता. याला तिच्यात त्याग दिसत होता. दोघांच्या मधोमध एक माणूस बसून दोघांनाही गप्प ठेवत होता, आणि त्यासाठी त्याला फार काही करावंही लागलं नव्हतं. नवरा-बायकोत अशा गोष्टी लपत नसतात, हा जगाचा भरवसा त्याच्या कामी आला होता.

संध्याकाळी ती मास्तरच्या शेजारी गाडीत बसून घरी निघाली. रस्त्यावर गर्दी होती, ऑफिसं सुटली होती, दर सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं आपापल्या काचेआड दिसायची, कुणी जांभई देणारं, कुणी आरशात दात बघणारं. ‘मुद्दाम केलंस,’ तो शेवटी म्हणाला.

‘हो.’

‘मला आधी विचारायचं होतंस.’

‘तुला?’

तो सुरू झाला, तोच मऊ आवाज. की कोर्स तोवर सगळ्या इस्पितळांत गेला होता. की जागोजाग लोक तो शब्द शिकले होते. की शब्दच चुकला म्हटलं असतं तर सगळा कोर्स बंद झाला असता आणि मग लोक पुन्हा रुग्णांच्या छातीवर गुडघे देऊन बसले असते, आधी बसायचे तसे. तुला आठवतं ना, आधी काय व्हायचं? तिला आठवत होतं. त्यात खोटं काही नव्हतं, हीच पंचाईत होती. ‘मग शब्द लगेच का नाही बदललास?’ तिनं विचारलं. ‘लगेच बदलला असता तर लक्षात आलं असतं.’ म्हणजे मधल्या सगळ्या काळात, कुठल्या कुठल्या वॉर्डात, कुणाचे हात उघडायला तयार बसले होते, आणि कुणाचे डोळे. त्यानं तेही तोलून पाहिलं होतं. ‘झालं का कुठं काही? नाही झालं,’ तो म्हणाला, आणि यात त्याला दिलासा होता असं दिसलं.

‘आणि मीच का?’

‘दुसऱ्या कुणाच्या माथी मारलं असतं तर शाप लागले असते,’ तो म्हणाला. सिग्नलच्या लाल उजेडात त्याचा चेहरा खरोखर प्रेमळ दिसत होता. ‘तुला काढणार नव्हते, ठाऊक होतं मला. कपडेघरात टाकतील, परत घेतील. घेतायतच ना? परक्या माणसाचं वाटोळं कसं करायचं? तू घरची होतीस.’

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. दिवा हिरवा झाला होता. तिला वाटत होतं आपण संतापू, पण आत नुसतं स्वच्छ, रिकामं वाटत होतं, सामान हलवल्यावर खोली वाटते तसं. ‘मी झोपेतून उठून बसायचे,’ ती म्हणाली. ‘भिंतीला टेकून. ते ताट परत परत. तू कुशीवर असायचास. जागा असायचास?’

त्यानं गियर बदलला. एक वळण गेलं, दुसरं गेलं.

‘असायचो,’ तो म्हणाला.

घराखाली गाडी लावून त्यानं किल्ली काढली. वर खिडकीत दिवा होता, पोरगी आलेली होती. ‘उद्या अधीक्षक बाईंकडे जाणार आहे,’ ती म्हणाली. ‘पैलवान येतोय बरोबर. तो म्हणाला, खुर्ची गेली तर गेली.’ तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. वजन सगळं खांद्यांत आलं होतं. ‘वर नको बोलूया हे,’ तो म्हणाला, ‘पोरीसमोर नको. तिला मी सांगेन हळूहळू, समजेल असं.’

‘तू नाही,’ ती म्हणाली. ‘तिला मीच सांगणार, आज, जेवायच्या आधी. तू फक्त समोर बसायचं. मी सांगत असताना ती तुझ्याकडे बघेल, बघेलच. तेव्हा हो म्हणायचं. मऊ आवाजात नाही. नुसतं हो.’

तिनं दार उघडलं आणि त्याच्यासाठी न थांबता जिना चढू लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला खालून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. खरंच आला का, असं तिनं स्वतःला विचारलं नाही.